नववी अवस्था

“सखी कुठाय?” ताईनं विचारलं.

पन्हाळ्यावरच्या त्या भाड्यानं घेतलेल्या बंगल्यात तिला येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. खांद्यावरची कापडी पिशवी अजून खांद्यावरच होती. हॉलच्या भिंतीवर मी ओळीनं नऊ चित्रं चिकटवली होती. जुन्या लघुचित्रांची ती छापील कार्डं मी एका संग्रहालयाच्या दुकानातून आणली होती. चष्मा कपाळावर सरकवून, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जाऊन ताई ती बघत होती.

“कुठली सखी?”

“अरे, प्रत्येक चित्रात नायिकेशेजारी एक बाई आहे बघ. इथे चंदन उगाळतेय. इथे कमळाच्या पानानं वारा घालतेय. ही तर नुसतीच पाय चेपत बसलीय. नायिका किती का झुरेना, सखी असतेच. आणि तुझ्या कागदावर ती नाहीये.”

प्रत्येक कार्डाखाली मी माझ्या शॉटचं पेन्सिलीनं काढलेलं रेखाटन लावलं होतं. तेच झाड, तोच झरोका, तीच मान कलवून बसलेली बाई. सखी तेवढी मी गाळली होती.

“मुद्दाम काढलीय. मला एकटेपणा दाखवायचाय, ताई. आजच्या बाईला कुठली आलीय सखी?”

“मला होती,” ताई म्हणाली. “शेजारच्या उमाकाकू. रोज दुपारी येऊन डोक्याला तेल थापायच्या. मी हूं की चूं करत नव्हते, तरी थापायच्या.”

“ते पडद्यावर बरं नाही दिसणार.”

“तेलकट दिसेल, खरंय,” ती म्हणाली आणि हसली.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि माझा पहिला सिनेमा करत होतो. आज या वयात त्या मुलाकडे बघताना मला त्याचा राग येतो. तेव्हा मात्र मला वाटत होतं की मराठीत असं काही कुणी केलंच नाहीये. आजारी मन दाखवायचं म्हणजे केस पिंजारायचे, डोळे गरगरा फिरवायचे, आरसा फोडायचा, हे सगळं मला मोडीत काढायचं होतं. मी मन दाखवणार होतो ते जुन्या चित्रांतून आणि जुन्या काव्यशास्त्रातून. आणि ते काव्यशास्त्र मला शिकवलं होतं शरयूताईनं.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. सांगलीच्या कॉलेजात संस्कृत शिकवायची, राहायची मिरजेला. लग्न केलं नाही. जुन्या शास्त्रकारांनी विरहिणीच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत, त्या तिनं मला शाळेत असतानाच पाढ्यासारख्या पाठ करून घेतल्या होत्या. अभिलाष, चिंता, स्मृती, गुणकथन, उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी, जडता. आणि दहावी मरण.

ती पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा मी पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेत होतो. काय होतंय, असं डॉक्टर विचारायचे आणि तिला सांगता येईना. शेवटी तिनं त्यांच्याच कागदावर ही यादी लिहिली आणि पाचव्या शब्दाखाली रेघ ओढली. डॉक्टर समजूतदार होते. पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं, “आज कितवी?” मग आमच्या दोघांतही तेच सुरू झालं. तिचं पोस्टकार्ड यायचं. एका बाजूला माझा पत्ता, दुसऱ्या बाजूला नुसता आकडा. दोन. चार. कधी तीन. बाकी एक अक्षर नाही. हॉस्टेलवरच्या पोरांना वाटायचं मी मटका लावतो.

“विरह कुणाचा पण?” मी एकदा तिला विचारलं होतं.

“माझाच असेल,” ती म्हणाली आणि चहा टाकायला उठून गेली.

आमचं एक ठरलं होतं. सातच्या पुढचा आकडा आला, की हातातलं काम टाकून मी तिच्याकडे जायचं. तिनं ते माझ्याकडून वदवून घेतलं होतं. असा आकडा तोवर एकदाच आला होता. आठ. मी परीक्षेचा पेपर सोडून रात्रीच्या गाडीनं मिरजेला गेलो होतो आणि तीन आठवडे तिच्या उशाशी होतो. तेव्हा मी चांगला मुलगा होतो.

सिनेमा करायचं ठरलं तेव्हा मी तिला आधी विचारलं होतं. नायिका कॉलेजातली बाई, तिचं मन हळूहळू तिच्या हातातून निसटत जातं, प्रत्येक अवस्थेचा एक सीन. ती कोण, हे आमच्या आळीतल्या मांजरालाही कळलं असतं.

“कर,” ताई म्हणाली होती. “पण नऊच करायचे. दहावी अवस्था रंगभूमीवर दाखवत नाहीत. शास्त्रातच नको म्हटलंय, रसभंग होतो.” हे ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. मग जरा थांबून साध्या आवाजात म्हणाली, “आणि मलाही नकोय.”

म्हणून नऊ सीन, नऊ चित्रं. सीनला आम्ही नावं दिलीच नव्हती, आकडेच होते. आणि आठ दिवसांसाठी मी ताईला पन्हाळ्यावर बोलावून घेतलं. नायिकेच्या तोंडी चार-दोन श्लोक होते, त्यांचे उच्चार बसवून घ्यायला. निदान मी तसं सांगितलं होतं.

नायिकेचं काम रेवा धारप करत होती. नाटकात मुरलेली, हुशार मुलगी. ताईच्या साड्या बघून तिच्यासाठी तशाच आणल्या होत्या, मळकट पांढऱ्या, बारीक तपकिरी काठांच्या. केसांचा अंबाडाही तसाच. पाठमोऱ्या दोघी उभ्या राहिल्या की आमचे प्रॉडक्शन मॅनेजर चौगुले गोंधळायचे. हे चौगुले कोल्हापूरचे. मिशा एवढ्या की चहा पिताना त्या आधी प्यायच्या. सिनेमातलं त्यांना फार कळत नसे, पण जेवण, जीप, पाण्याचा टँकर, सगळं त्यांच्या धाकात होतं. गडावर पाण्याची बोंब होती. बंगल्याची टाकी दिवसाआड भरायची, आणि कुणी नळ नीट बंद केला नाही तर चौगुले अख्ख्या युनिटचा उद्धार करायचे.

पहिले दोन दिवस ताई खुशीत होती. रेवाच्या तोंडून ‘श’ आणि ‘ष’ वेगळे निघेपर्यंत तिनं तिला सोडलं नाही. चौगुल्यांनाही तिनं एक श्लोक पाठ करायला लावला. ते तो टँकरवाल्याला म्हणून दाखवायचे.

“ताईस्नी म्हनावं, आता मला परीक्षेला बसवा की,” ते म्हणायचे.

संध्याकाळी काम आटोपलं की मी व्हरांड्यात ताईसमोर वही घेऊन बसायचो. मला तपशील हवे होते. उद्वेगात नेमकं काय होतं? प्रलापात बाई काय बोलते? व्याधीत हात कसे दिसतात? आधी ती टाळायची, मग सांगायची. मी तिला एकेक पायरी खाली उतरवत नेत होतो आणि वर उभा राहून लिहून घेत होतो.

“एकदा दोन वाट्या होत्या पुढ्यात,” ती म्हणाली. “सारख्याच. आमटी कुठल्या वाटीत घ्यायची ते ठरेना. उमाकाकू आल्या तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. मी डाव घेऊन उभीच.”

“मग?”

“मग काय? त्यांनी आमटी वाढली.”

“त्या आधी. उभी होतीस तेव्हा. तेव्हा काय वाटत होतं?”

“रंगा, ते वाटत नसतं. वाटणंच बंद पडतं. तू तिथे हरीण उभं करणार आहेस ना?”

मी खरंच हरीण उभं करणार होतो. चित्रात होतं ते. दोन वाट्या मी वहीत लिहिल्या आणि त्यावर काट मारली. मला त्या फार साध्या वाटल्या. आज माझ्या त्या सिनेमातलं हरीण बघवत नाही.

चौथ्या दिवशी एक गोष्ट झाली. आठव्या सीनमध्ये रेवा एका जोडाक्षरावर अडखळली. लग्नातल्या भटजींना अंतरपाट धरलेला असताना अडवणारी माझी बहीण तिथेच खुर्चीवर बसून होती. ती काहीच बोलली नाही. रेवानं वळून तिच्याकडे बघितलं. ताई स्वतःच्या हातांकडे बघत होती. अंगावर कालचीच साडी होती.

मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ऊन उतरत चाललं होतं, आणि ताईनं अडवलं नाही म्हणून शॉट पटकन उरकला, याचं मला बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात चहा घेत होतो. समोर नवव्या सीनचा कागद होता. जडता. सबंध सिनेमाचा कळस मी तिथे ठेवला होता. एकच लांबलचक शॉट, चार मिनिटांचा, बाई बसलीय आणि काहीही करत नाहीये. आदल्या दिवशी तालमीत रेवाला तो जमला नव्हता. तिनं मान पाडली की ती पाडलेली दिसायची. बोटं सैल सोडली की सोडलेली दिसायची.

“सर, मला काहीतरी करता येतं,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती. “काहीच न करणं नाही येत.”

मी त्या विचारात असताना ताई आली. खांबाला हात लावून उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते.

“रंगा,” ती म्हणाली. “आज आठ.”

मी कागदातून मान वर केली. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“आठ काल झाला ना, ताई? आज नऊ.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा कागदात डोकं घातलं. पण मान खाली घातली तरी कळतं कुणीतरी बघतंय ते.

“हो का?” ती सावकाश म्हणाली. “मग नऊ.”

आणि ती आत गेली. मला समजलं नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगितलं. सीनचे आकडे आणि आमचे आकडे एकच होते, कामाच्या रगाड्यात घोळ झाला, असं. ऐकणाऱ्याला पटायचं. पण समजलं होतं मला. तिनं ‘रंगा’ म्हणून हाक मारली तेव्हाच समजलं होतं. फक्त आजचा दिवस निघू दे, संध्याकाळी बघू, असं मी मनाशी म्हणालो. पूर्वी मी दीडशे मैलांवरून धावत गेलो होतो. आता ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही परसात कॅमेरा लावत होतो. झरोक्याचं चित्र मला मागच्या पडवीतून घ्यायचं होतं. उजेड छान पडला होता, वाराही पडला होता. रेवा रंगभूषा करून आली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, ताईंकडे बघा.”

परसाच्या टोकाला धुण्याचा दगड होता, त्याच्यावर नळ. ताई त्या दगडावर बसली होती, आमच्याकडे जवळजवळ पाठ करून. चहाचा पेला विसळायला गेली असावी. पेला खाली आडवा पडला होता. नळ सोडलेला होता आणि तिचा उजवा हात धारेखाली होता. जानेवारीतलं गडावरचं पाणी, बर्फासारखं गार. ते तिच्या मनगटावरून, साडीच्या काठावरून, पावलांवरून वाहत होतं. ती हात मागे घेत नव्हती. नळ बंद करत नव्हती. गालाची एक कड दिसत होती आणि मान किंचित कललेली. भिंतीवरच्या नवव्या कार्डावर होती अगदी तशी.

“जाऊ का मी?” रेवा म्हणाली आणि निघालीच.

“थांब,” मी म्हणालो. मी तिचा दंड धरला. “हलू नकोस.”

कॅमेऱ्यावर दस्तगीर होता. मी त्याला नुसती खूण केली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे, पुन्हा माझ्याकडे.

“सर, ताई हायत त्या,” तो कुजबुजला.

“माहीत आहे. फिरव.”

त्यानं कॅमेरा फिरवला. चारशे फुटांचं रीळ म्हणजे साडेचार मिनिटं. कॅमेरा जुना होता, चालू झाला की घरघर करायचा. मी दस्तगीरच्या खांद्यापाशी उभा राहून बघत होतो आणि मला आनंद होत होता. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला आनंदच होत होता. मी जे रेवाला इतके दिवस समजावून सांगत होतो ते तिथे होतं. ती काहीच करत नव्हती. रेवा माझ्या शेजारी तोंडावर पदर धरून रडत होती, आणि मी मनात म्हणत होतो, हिचा हुंदका वर येऊ नये, ताई वळेल.

एक मिनिट गेलं. दोन गेली. हाताचा रंग बदलायला लागला होता. मी म्हटलं, रीळ संपलं की जातो.

रीळ संपत आलं तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूनं चौगुले तरातरा आले. ते आम्हाला शिव्या घालण्याच्या तयारीनंच आले होते.

“आरं नळ कुनी सोडलाय? पानी सगळं वाया चाललंय, आनि ही मान्सं…”

मग त्यांना ताई दिसली. त्यांनी आमच्याकडे, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. वाकून नळ बंद केला, आणि खांद्यावरचा पंचा काढून तिचा हात त्यात गुंडाळला. एखाद्या लेकराचा गुंडाळावा तसा.

“ताई, आवो गार पान्यात हात घालून बसलायसा व्हय? उठा. उठा की. ऱ्हाऊ दे, मी हाय न्हवं?”

कॅमेऱ्यात रिकामं फडफडायला लागलं. रीळ संपलं होतं.

ताई त्या दिवशी कुणाशीच बोलली नाही. हाताला धरून उठवलं की उठायची, बसवलं की बसायची. चौगुल्यांनी जीप काढली. रेवा मेकअप न पुसता, त्याच साडीत, तिच्या शेजारी जाऊन बसली. एकसारख्या साड्यांतल्या दोघी, एकीचा पंच्यात गुंडाळलेला हात दुसरीच्या हातात.

“सर, बसा,” चौगुले म्हणाले.

“तुम्ही व्हा पुढे. मी संध्याकाळी निघतो,” मी म्हणालो. “पडवीचा उजेड दोनपर्यंतच आहे. झरोक्याचे रिकामे शॉट तरी घेऊन ठेवतो.”

चौगुल्यांनी जीप चालू केली. मी मिरजेला पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. ताई दवाखान्यात होती, उजव्या हाताला मलम लावलं होतं, आणि उमाकाकू तिच्या डोक्याला तेल थापत होत्या. ती पाच आठवडे तिथे होती. बरी झाली. पुढच्या जूनमध्ये कॉलेजातही जायला लागली. दहाव्या आकड्यापर्यंत ती गेली नाही, यात माझं काहीही नाही.

ती साडेचार मिनिटं मी सिनेमात वापरली. ती रेवा नाही, हे कुणाच्याही लक्षात येत नाही. फक्त शेवटी चौगुल्यांचा हात फ्रेममध्ये येतो. आधी बाही, मग हात, मग नळ बंद होतो, मग पंचा. संकलनाच्या टेबलावर मी ते सतरा-अठरा सेकंद बघितले आणि कापले. चित्रात पुरुषाचा हात बसत नव्हता. पाणी वाहतंय तिथेच मी सीन संपवला.

सिनेमा फार चालला नाही, पण नाव झालं. जुन्या चित्रातली विरहिणी इथे पहिल्यांदा श्वास घेते, असं एका समीक्षकानं लिहिलं, ते कात्रण माझ्याजवळ अजून आहे. त्या शॉटसाठी रेवाला एक बक्षीस जाहीर झालं. ती घ्यायला गेली नाही. माझ्याशी पुन्हा कधी बोललीही नाही. चौगुले पुढच्या सिनेमाला आले नाहीत. मुलीचं लग्न आहे, असा निरोप पाठवला. त्यांना मुलगी नव्हती.

ताईनं सिनेमा बघितला तो चार वर्षांनी, रविवारी दुपारी टीव्हीवर. मी मिरजेला गेलो होतो. बंद करावा म्हणून मी उठलो तर ती म्हणाली, “असू दे. बघू तरी.” ती मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होती. हरीण आलं तेव्हा ती हसली. “आलं का बाई हे,” म्हणाली. रेवाचे उच्चार ऐकताना तिचे ओठ हलत होते.

नववा सीन लागला. मी टीव्हीकडे न बघता मटारच्या ताटाकडे बघत होतो. तिची बोटं चालू होती. शेंग मोडायची, दाणे निसटायचे, फोल बाजूला. ती थांबली नाही. सीन संपला, जाहिराती लागल्या.

“त्याचा आवाज येत होता रे मला,” ती म्हणाली.

“कशाचा?”

“कॅमेऱ्याचा. घरघर चाललेली. बाकी काही कळत नव्हतं, पण तो येत होता. मी म्हटलं, चालू आहे. हे थांबलं की रंगा येईल नळ बंद करायला.”

मी तिचा हात धरायला गेलो तर त्यात शेंग होती. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. रागावण्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“शेवटी चौगुले आले होते ना?” तिनं विचारलं. “त्यांचा हात आला असेल की त्यात.”

“आला होता.”

“मग?”

“कापला.”

“का रे?”

“चित्र बिघडत होतं.”

तिनं राहिलेल्या शेंगा सोलल्या. दाणे एका वाटीत भरले, फोलं पेपरात गुंडाळली. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या चित्रांकडे बघितलं होतं तसं, अगदी जवळून.

“मेली एवढ्या मिशांची का होईना, एक सखी मिळाली होती,” ती म्हणाली. “तीही काढून टाकलीस.”

आणि ती दाणे धुवायला आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. मी तसाच उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो, तोवर तिनं तो बंदही केला होता.

ताई आता सत्तरी ओलांडून गेलीय. मिरजेलाच असते. मध्ये दोन-तीनदा तिला बरं नव्हतं, हे मला उमाकाकूंच्या सुनेकडून कळलं, तेही नंतर. मी दर रविवारी फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, आणि फोन ठेवण्याआधी विचारतो, “ताई, आज कितवी?”

“बरी आहे,” ती म्हणते. दूधवाल्यानं विचारलं तरी ती हेच सांगते.